काचेतली सुरी

‘खरा कारागीर आपली सर्वश्रेष्ठ कृती जगाच्या हाती कधीच देत नाही.’

तात्सुमींच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीच्या कागदावर, काळ्या शाईत हे वाक्य होतं आणि त्याखाली तोराझो तात्सुमींचं नाव होतं. तोराझो हे कधी म्हणाले नव्हते. साकाईच्या त्या गल्लीत त्यांनी पंचावन्न वर्षं पोलाद ठोकलं, आणि तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून जी वाक्यं बाहेर पडली त्यातली बहुतेक जेवण झालं का, या विषयावर होती. हे वाक्य त्यांच्या मुलानं, किकुओनं, ओसाकातल्या एका जाहिरातवाल्या मुलीकडून करवून घेतलं होतं. तिनं तीन वाक्यं पाठवली होती. उरलेली दोन टॉवेलांवर छापली.

वाक्याखाली काचेचं कपाट, कपाटात किरीच्या हलक्या लाकडाची उघडी पेटी, आणि पेटीत ती. फूटभर लांब, एकधारी, मासा कापायची सुरी, अखंड पोलादाची. असली पाती तापवून पाणी पाजताना दगा देतात. त्या हिवाळ्यात तोराझोंनी चार केली, तीन तडकली, ही वाचली. पातं इतकं लखलखीत की त्यात बघून केस विंचरावेत. मूठ किंचित वाकडी होती. माहितीपत्रकात त्याला ‘सहेतुक ठेवलेलं न्यून’ म्हटलं होतं. एका जर्मन आचाऱ्यानं तिच्यासाठी बारा लाख येन देऊ केले, तेव्हा किकुओनं त्याला वाकून नमस्कार केला आणि एक टॉवेल दिला.

एकेचाळीस वर्षांत तिनं काहीही कापलं नव्हतं. म्हणूनच ती घरातली सगळ्यात थोर सुरी होती.

तिला हात लावायचा अधिकार एकट्या सुमिएला होता. सुमिए किकुओची बायको. माहेर चहाच्या व्यापाऱ्यांचं, त्यामुळे पोलादातलं तिला फारसं कळत नव्हतं आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी किकुओनं कपाट करून घेतलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. महिन्याच्या एक तारखेला जुनं तेल पुसायचं, कॅमेलियाच्या बियांचं नवं तेल लावायचं. मऊ सुती फडकं, पाठीकडून धारेकडे, श्वास रोखून. एकतीस वर्षं. या एकतीस वर्षांत तिच्या बोटाला साधा ओरखडासुद्धा उठला नव्हता. सुमिए याचं श्रेय आपल्या काळजीला देत असे. “तात्सुमींच्या घरात कुणाचं बोट कापत नाही,” असं सासूबाई पाहुण्यांना सांगत, तेव्हा ती नजर खाली वळवून चहा ओतायची आणि मनातल्या मनात थोडी उंच व्हायची.

त्या शुक्रवारी तोराझोंचं, म्हणजे मामंजींचं, तेराव्या वर्षाचं स्मरण होतं; त्यांना जाऊन बारा वर्षं होत होती. खरं तर ते रविवारी व्हायचं, पण रविवारी भिक्षूंकडे आणखी चार घरं होती. सूत्रपठण झालं, उदबत्त्या झाल्या, भिक्षू पाकीट घेऊन स्कूटरवरून निघून गेले, आणि मागच्या खोलीत घरचीच चौघं उरली. चौऱ्यायशी वर्षांच्या तोमे, म्हणजे सासूबाई, मुळ्याचं लोणचं कुरतडत बसल्या होत्या. किकुओ काळ्या सुटात अवघडून बसला होता. त्याची धाकटी बहीण चिझुरु स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. ट्रामच्या थांब्याजवळ तिची आठ खुर्च्यांची खाणावळ, तिथून ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक मोठा हिरामे मासा घेऊन आली होती. तो सोलून, काटे काढून तयार होता. काप तेवढे करायचे राहिले होते. आणि सुमिए नेहमीप्रमाणे दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसली होती.

“उद्या दहाला गाडी येईल,” किकुओ म्हणाला. “आज सांगणं योग्य वाटलं. बाबांसमोर.”

“कसली गाडी?”

“नगरपालिकेचं प्रदर्शनाचं नवं दालन होतंय ना, त्यांची. सुरी कायमची तिकडे. अगदी मधोमध. फिरता प्रकाश असणार आहे.”

“प्रकाश फिरणार की सुरी?” ओट्याजवळून चिझुरुनं विचारलं.

“प्रकाश.”

“मग ठीक. बाबा एका जागी बसणारे होते, म्हणून विचारलं.”

किकुओनं खिशातून दालनाचा कागद काढून चटईवर सरळ केला. तो त्यानं तीन वेळा भरला होता, पहिले दोन अक्षर बिघडलं म्हणून फाडले होते. ‘वापर : कधीही नाही.’ ‘धार : अत्यंत तीक्ष्ण.’ खाली घरचा लाल शिक्का.

चिझुरु हात पुसत बाहेर आली. “दादा, ती मासा कापायची सुरी आहे. बाबांनी मासा कापायला केली. तिला तू एकतीस वर्षं दुकानात बसवलीस, आता सरकारात बसवतोयस.”

“आणि तुझ्या हातात दिली असती तर? तुझ्या सुऱ्या बघ. त्याही बाबांच्याच आहेत. झिजून झिजून काडीएवढ्या झाल्यात.”

“झिजल्या कारण त्या काम करतात. तू मात्र आहेस तसाच आहेस.”

“मी बाबांचं नाव राखतोय.”

“टॉवेलांवर.”

सुमिएनं हे भांडण इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढचं वाक्य तिला पाठ होतं. पुढचं वाक्य किकुओचं होतं, ‘टॉवेलांवरच छपराची दुरुस्ती झाली’ असं. पण ते आलं नाही. मध्येच सासूबाईंनी लोणच्याची बशी खाली ठेवली.

“आजचा मासा तिनं कापायचा,” त्या म्हणाल्या.

“कुणी, आई?”

“त्या काचेतलीनं.”

तोमेबाई या विषयावर आजवर एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यामुळे किकुओ त्यांना आपल्या बाजूला मोजत होता आणि चिझुरु आपल्या.

“आई, तुला कळतंय का?” किकुओ हळू, समजूत घालायच्या आवाजात म्हणाला. “उघडं पोलाद आहे. माशाचं पाणी लागलं की डाग पडतो. एकदा पडला की पडला.”

“पडू दे. माझ्या हातांवर किती पडलेत बघ. मला अजून कुणी कपाटात ठेवलेलं नाही.”

“मी कागदावर ‘कधीही नाही’ असं लिहून दिलंय! शिक्का मारलाय!”

“मग उद्या खोड.”

“बघ,” चिझुरु म्हणाली.

“तू गप्प बस,” तोमेबाई तिला म्हणाल्या. “तुझ्या खाणावळीतही जाणार नाही ती. तुझंही बघतेय मी, गेली दहा वर्षं दुकानात आलीस की आधी काचेशी जातेस, मग माझ्याकडे.”

तेवढ्यात किकुओला धीर आला. “किल्ली सुमिएकडे आहे,” तो म्हणाला. “आणि सुमिए देणार नाही. काय गं?”

या घरात मतं मोजायची वेळ आली की सुमिएचं मत नवऱ्याच्या मतात धरलेलं असे, छत्रीबरोबर तिची खोळ यावी तसं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. खोळ असण्यात एक सोय असते, पाऊस अंगावर येत नाही. पण आता तिघंही तिच्याकडे बघत होती आणि किल्ली तिच्या कमरेच्या दोरीला होती. सासूबाई विनवत नव्हत्या. त्यांनी नुसता हात पुढे केला होता, ट्राममध्ये तिकीट मागावं तसा. तो हात खाली जात नव्हता.

सुमिए उठली.

“अगं, कुठे निघालीस?”

“अहो, तीनशे बहात्तर वेळा पुसलीय मी ती,” सुमिए म्हणाली. “कशासाठी पुसत होते ते एकदा बघायचंय.”

ती दुकानात गेली, कुलूप काढलं, आणि एक तारीख नसताना पहिल्यांदाच ती पेटी उचलली. परत आली तेव्हा किकुओ दारातच होता. तो बाजूला झाला. मधे काच नसताना इतक्या जवळून त्यानं ती सुरी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. त्याचे हात नकळत पाठीमागे गेले, लहानपणी वडिलांच्या भट्टीपाशी जायचे तसे.

तोमेबाईंनी एप्रन बांधला. त्यासाठी त्यांना दोन मिनिटं लागली आणि कुणाला मदत करू दिली नाही. मासा फळीवर होता, पांढरा, जवळजवळ पारदर्शक. त्यांनी सुरीची टाच, म्हणजे मुठीजवळची कड, माशावर टेकवली आणि लांब, एका दमात आपल्याकडे ओढली.

मासा त्यांच्याबरोबर आला.

काप झाला नाही. मासाच्या मासा फळीवरून चार बोटं सरकला आणि वरचं मांस चेंगरून पांढरं पडलं.

“आई, हात थरथरतोय तुझा,” चिझुरु हळूच म्हणाली. “मी धरू?”

“धर.”

चिझुरुनं धरली. रोज दोनशे काप करणारा हात; टाच, मध, टोक, एकाच ओढीत. या वेळी मासा फळीवरून खाली पडायचा तेवढा राहिला.

“मासाच शिळा आणलायस,” किकुओ म्हणाला.

“पहाटे जिवंत होता तो!”

“मग ओढतेयस चुकीची.”

“चाळीस वर्षं ओढतेय मी! तू शेवटचा मासा कधी कापलास, दादा? नुसती चित्रं छापतोस माशांची.” पण तिच्या आवाजातला जोर मध्येच गेला. तिनं सुरी उजेडाकडे केली, एक डोळा मिटला, आणि पात्याची कड अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच सरकवली. धार असती तर नखात रुतली असती. ती काचेवरून घसरावं तशी घसरली.

“हिला धारच नाहीये,” चिझुरु म्हणाली.

“काय?”

“धार नाहीये, दादा. पट्टी आहे ही. हिनं लोणी कापता येईल, तेही उन्हाळ्यात.”

किकुओ भिंतीला टेकला. मग त्याला सुचायचं तेच सुचलं. “सुमिए! तू पुसून पुसून घालवलीस!”

सुमिएला वाटलं, आपले कान गरम झालेत. एकतीस वर्षांची काळजी, रोखलेले श्वास, न कापलेली बोटं. सगळं एका क्षणात तिच्यासमोर उलगडलं आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. या घरात ज्यांना धार कळत होती ते त्या सुरीला हात लावत नव्हते, आणि जी हात लावत होती तिला धार कळत नव्हती.

“फडक्यानं पोलाद झिजत असतं,” ती शांतपणे म्हणाली, “तर धारवाल्या यासुमोतोकाकांनी आयुष्यभर फडकंच वापरलं असतं. थांबा. त्यांनाच बोलावते.”

“त्यांना कशाला? गावभर होईल!”

पण ती चपला घालून निघालीसुद्धा.

यासुमोतो तिसऱ्या गल्लीत राहायचे. साकाईत सुरी एका हाताची नसते. ठोकणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. तोराझोंनी ठोकलेल्या प्रत्येक पात्याला यासुमोतोंनी धार लावली होती. शहाऐंशीव्या वर्षीही ते रोज सकाळी चाकापुढे बसत. सुमिएबरोबर ते रबरी बुटांतच आले, दारात बूट काढले, आधी तोराझोंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले, आणि मग फळीवरच्या सुरीकडे पाहिलं.

“अजून इथेच आहे का ही?” ते म्हणाले.

“काका, हिला धार नाहीये,” चिझुरु म्हणाली.

“कशी असेल? लावलीच नाही.”

किकुओ पुढे सरसावला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. “म्हणजे मुद्दाम. असं पोलाद पाहून तुम्ही दोघांनी ठरवलंत की हिला धार लावणं म्हणजे—”

“नाही. त्याला शुक्रवारी हवी होती. मी सोमवारी देतो म्हणालो.”

“आणि?”

“आणि काय? पातं घासून झालं होतं, चकाकी दिली होती, शेवटची धार तेवढी बाकी. माझ्या हातात दुसऱ्याचं काम होतं. हा शुक्रवारी संध्याकाळी येऊन उभा. मी म्हटलं, सोमवार. तो म्हणाला, हं. आणि उचलून घेऊन गेला. मूठही रागानं स्वतःच ठोकली असणार. वाकडी दिसतेय.”

माहितीपत्रकाबद्दल कुणी काही बोललं नाही.

“पण त्यानंतर एकोणतीस वर्षं तुम्ही बाबांची सगळी कामं केलीत!” किकुओ म्हणाला. “रोज सार्वजनिक स्नानघरात शेजारी बसायचात!”

“बसायचो.”

“मग हिच्याबद्दल कधी विषयच निघाला नाही?”

“मला वाटलं तो आणील. त्याला वाटलं असेल मी मागेन.” यासुमोतोंनी क्षणभर विचार केला. “कामही खूप असायचं तेव्हा.”

तोमेबाई खाली बसल्या होत्या. “शनिवारी माझे वडील येणार होते,” त्या म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत होत्या ते कळत नव्हतं, म्हणून सगळेच ऐकू लागले. “एकवीस वर्षांनी पहिल्यांदा. मासळीचा धंदा त्यांचा. लग्नाला उभे राहिले नाहीत. म्हणाले, लोहाराकडे सुऱ्या असतील, मासा कधी असणार? म्हणून ह्यांनी मासा आणला, हा एवढा. आणि ही केली. वडिलांच्या समोर बसून स्वतः कापणार होते. शनिवारी बघते तर ह्यांच्या हातात घरातली जुनीच सुरी. मी विचारलं, नवी कुठेय? म्हणाले, नंतर.”

“आणि आजोबा?” चिझुरुनं विचारलं.

“त्यांना काय कळतंय? तीन बशा खाल्ल्या आणि झोपले. मी मात्र त्या ‘नंतर’ची वाट बघत राहिले. हे गेले, तरी बघतेय. मला वाटायचं, आपल्यापेक्षा मोठं काहीतरी असेल त्यांच्या मनात. भिंतीवर ते लिहिलंय ना, तसलं काहीतरी.” त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही. “सोमवार होता तो.”

यासुमोतोंनी घसा खाकरला. “वहिनी, तेव्हा जरा...”

“तुमचं नाही काही, भावोजी. दोघंही सारखेच गाढव.”

किकुओनं मात्र मधल्या वेळात सगळा हिशेब जुळवला होता. “आई, ऐक. म्हणजे कागदावरचं खरंच ठरलं! कधीही वापरली नाही. एक ओळ तेवढी बदलायची, धारेची. आहे तशी उद्या पाठवू. काचेआड कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” तोमेबाई म्हणाल्या. “अर्धवट काम आहे ते. त्यांचं अर्धवट काम मी फिरत्या प्रकाशात उभं करणार नाही.”

“बरं, मग धार लावून पाठवू.”

“धार लागली की ती स्वयंपाकघरात राहील. इथे, या खिळ्याला. मी आहे तोवर मी वापरीन, मग सुमिए.”

“मी?” सुमिए म्हणाली.

“तूच पुसलीस ना?”

“आई, मी त्या लोकांना काय सांगू?” किकुओचा आवाज आता अगदी शाळकरी झाला होता.

“सांग, सुरी धारेला टाकलीय. सगळ्यांच्या टाकतात.”

“आणि इथल्या कपाटात काय ठेवू?”

“टॉवेल,” चिझुरु म्हणाली.

त्यानं दुकानात जाऊन फोन लावला. पाठ त्यांच्याकडे होती, पण फोनवरसुद्धा तो चार वेळा वाकला. परत आला तेव्हा रागावण्याचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. “म्हणाले, अजिबात हरकत नाही. त्या जागी एक जुनी सायकल ठेवणार आहेत.”

मासा शेवटी चिझुरुच्या काडीएवढ्या सुरीनं कापला. काप सरसर, मोजून दोन मिनिटांत पडले. यासुमोतोही जेवायला थांबले. त्या झिजलेल्या सुरीकडे बघत ते म्हणाले, “हे पातं तोराझोचंच. आणि धार माझी. अजून पाच वर्षं जाईल.” मग त्यांनी ती दुसरी, थोर सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत मारली.

“कधी देता, भावोजी?” तोमेबाईंनी विचारलं.

यासुमोतोंनी बुटांत पाय घातले. “सोमवारी.”

किकुओनं तोंड उघडलं. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोंड मिटलं.

“सोमवारीच द्या,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः न्यायला येते.”

सोमवारी सकाळी त्या सुमिएच्या दंडाला धरून तिसऱ्या गल्लीपर्यंत चालत गेल्या. वाटेत दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या बागेचं निमित्त केलं. सुरी शनिवारीच तयार झाली होती. सोमवार सांगितला होता म्हणून यासुमोतोंनी ती ठेवून दिली होती. त्यांनी वर्तमानपत्राचा एक चतकोर हवेत सोडला, तो पात्यावर आला आणि त्याचे दोन झाले.

घरी मासा नव्हता. चिझुरुची खाणावळ सोमवारी बंद असते, आणि शुक्रवारचा हिरामे शुक्रवारीच संपला होता. टोपलीत एक मुळा होता. मासा कापायच्या सुरीनं मुळा कापू नये हे या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तोमेबाईंनी तो फळीवर ठेवला, टाच टेकवली आणि ओढली. काप पडला. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. त्यांनी आणखी सहा केले. मग एक तोंडात टाकला, सावकाश चावला, फोटोकडे पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या.

आणि सुरी सुमिएकडे दिली.

सुमिएनं मऊ सुती फडकं घेतलं. पाठीकडून धारेकडे, श्वास रोखून, एकतीस वर्षं पुसत आली तशीच पुसली. फडक्याचे दोन तुकडे झाले आणि मधे अंगठा होता. किकुओ दुकानातून पळत टॉवेल घेऊन आला. त्यावर त्या जाहिरातवाल्या मुलीचं दुसरं वाक्य छापलं होतं.

दुकानात विकायला साठ सुऱ्या होत्या. घरात जखमेवर लावायची पट्टी एकही नव्हती.